चौदसीच्या दिवशी विमान कोणी उडवलं?

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय. खरं सांगायचं तर वाचून हसतोय. दुकानात गिऱ्हाईक नसलं की शेजारच्या मेडिकलवाल्याला मोठ्याने वाचून दाखवायचो आणि दोघं मिळून लिहिणाऱ्याची टिंगल करायचो. आमचं घोडेगावात पंप, पाइप आणि मोटारींचं दुकान आहे. मोटार बंद पडली की शेतकरी आधी नारळ फोडतो, मग कोणाची तरी नजर लागली असं ठरवतो, आणि शेवटी माझ्याकडे येतो. मी जाऊन बघतो तर बहुतेक वेळा फ्यूज उडालेला असतो. ज्याचं पोट फ्यूजवर चालतं त्याला भुताखेतावर विश्वास ठेवून परवडत नाही, असं मी म्हणायचो. आजही म्हणतो... फक्त जरा हळू आवाजात.

हा अनुभव ऐकीव नाही, माझा आहे. यात रात्र नाही, पिंपळ नाही, पांढऱ्या साडीतली बाई नाही. साडी आहे, पण ती हिरवी, आणि ती नेसलेली बाई जिवंत आहे. तिचं नाव सुमनवहिनी. माझा दोस्त दत्ता, त्याची बायको. त्या दिवशी वहिनींचा जीव जायचा तो वाचला. कसा वाचला ते मी सांगू शकतो. कोणामुळे, ते विचाराल तर माझी पंचाईत आहे.

आधी माझ्याबद्दल थोडं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आम्ही मूळचे राजस्थानातले जैन, पण पणजोबांपासून घोडेगावकर. घरात मारवाडी बोलतो, भांडतो मराठीत. आणि भांडण माझ्या जिभेवर बसलेलंच असायचं. गिऱ्हाईक नुसतं "शेठ, जरा बघा की कमी जास्त" म्हणालं तरी माझं डोकं सटकायचं. आई कंटाळली. एका चातुर्मासात गावात महासतीजी, म्हणजे आमच्या जैन साध्वी, मुक्कामाला होत्या. आईने मला त्यांच्यापुढे नेऊन उभं केलं आणि म्हणाली, याला जिभेचा काहीतरी नियम द्या. त्यांनी दिला... दर चौदसीला सकाळी उठल्यापासून दुपारी बारापर्यंत मौन. खुणा चालतील, शब्द नको. माझ्या बायकोला इतका आनंद झाला की तिने त्या दिवशी शिरा केला. मी मात्र नियम पाळला. हट्टी माणूस नियमसुद्धा हट्टानेच पाळतो.

दत्ता आधी माझं गिऱ्हाईक, मग दोस्त. डिंभ्याच्या वरच्या अंगाला, धरणाच्या बॅकवॉटरला लागून त्याचं रान. रान बघायच्या वहिनी, आणि हा चाकणला एका कंपनीत कामाला. सुट्टीला घरी यायचा. माणूस दिलदार, पण बढाईखोर. दुकानात दहा लोक असले की मुद्दाम म्हणायचा, "शेठ, तुमी मोटारी इकता, आमी विमानं बनवतो." आणि बनवायचा, हे कबूल केलं पाहिजे. कंपनीतल्या एका साहेबांना रिमोटची विमानं उडवायचा नाद होता. त्यांच्या मागे मागे फिरून हा सगळं शिकला आणि दोन हजार सात-आठच्या उन्हाळ्यात त्याने स्वतःचं विमान केलं. हलक्या फोमचं, माझे दोन्ही हात पसरले तर भरेल एवढ्या पंखाचं. नाकाला इलेक्ट्रिक मोटर, खाली तीन चाकं, आणि पोटाला रबरांनी बांधलेला साधा डिजिटल कॅमेरा. कॅमेऱ्याच्या बटणावर एक छोटा दांडा बसवलेला. रिमोटवरची कळ ओढली की दांडा बटण दाबणार आणि फोटो निघणार. आज याला ड्रोन म्हणतात आणि प्रत्येक लग्नात वरातीवर एक घोंगावत असतो. आम्ही तेव्हा नुसतं विमान म्हणायचो.

दत्ताचा बेत असा होता, की शेतकऱ्यांच्या रानाचे वरून फोटो काढायचे, फ्रेम करायचे आणि विकायचे. मी पार्टनर. माझी अट एकच, की उडवायला मलाही आलं पाहिजे. हा तर सहा दिवस चाकणला. विमान काय वहिनींनी उडवायचं?

शिकायची पद्धत सांगतो. दोन रिमोट घ्यायचे आणि एका वायरने जोडायचे. एक गुरूच्या हातात, एक शिष्याच्या. गुरूच्या रिमोटला स्प्रिंगचा एक खटका असतो. तो दाबून धरला की विमान शिष्याचं ऐकतं. बोट उचललं की त्या क्षणी ते परत गुरूचं. शिष्य गडबडला की गुरू बोट उचलतो आणि विमान वाचतं. सोपं आहे. फक्त एक गोष्ट कटाक्षाने पाळायची... तोंडाने बोलायचं. "घ्या." "घेतलं." "सोडा." "सोडलं." दोघांचे डोळे आभाळात असतात, एकमेकांच्या हाताकडे कोणी बघत नाही. म्हणून बोलायचं.

मी कसा उडवायचो? वाईट. विमान लांब जात असलं की ठीक चालायचं. पण तोंड फिरवून ते आपल्याकडे यायला लागलं की डावं-उजवं उलटं होतं. मी डावीकडे स्टिक दाबायचो, ते माझ्या उजवीकडे जायचं, मी घाबरून आणखी दाबायचो. माझ्या हातातलं विमान बाजारच्या दिवशी गुत्त्यातून निघालेल्या माणसासारखं चालायचं. दत्ता ओरडायचा, मी उलट ओरडायचो, आणि एकदा तर हवेतल्या विमानाला विसरून आम्ही दोघं एकमेकांच्या अंगावर गेलो होतो. तेव्हाचा पंख नंतर फेविकॉलने चिकटवला.

तर मे महिन्यातला रविवार, आणि नेमकी चौदस. दत्ताला एकच सुट्टी, म्हणून मी गेलो. सकाळी त्यांच्या ओट्यावर बसलो. वहिनींनी चहा आणला, मी मान डोलावून घेतला.

"आज भाऊ बोलंनात," वहिनी म्हणाल्या. "पाइपाचे भाव वाढले वाटतं."

दत्ताने माझा नियम सांगितला. वहिनींना तो फारच आवडला. "आमच्या ह्यांनाबी द्या की असला एखादा," म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या आणि आवाज बदलला. "अवो, पाणी लई खाली गेलंय. फुटबॉल उघडा पडायला आलाय. भुईमूग माना टाकायला लागलाय. आज मोटारीचा पाइप खाली सरकवाच."

बॅकवॉटरला ज्यांनी उन्हाळा काढलाय त्यांना हे नवीन नाही. जसजसं धरणाचं पाणी उतरतं तसतसा शेतकऱ्याला आपला पाइप पाण्यामागे खाली न्यावा लागतो. पाइपाच्या टोकाला जाळीचा व्हॉल्व्ह असतो, त्याला आमच्याकडे सगळे फुटबॉल म्हणतात. तो पाण्यात बुडालेला हवा, नाहीतर मोटार नुसती हवा ओढते. वर्षभर पाण्याखाली असलेली जमीन उघडी पडते, वरून वाळते, भेगा पडतात, आणि खाली असतो गाळ. कुठे पाय टिकेल आणि कुठे नाही, हे काठावरचे लोक बरोबर ओळखतात. निदान ओळखतो असं त्यांना वाटतं.

"विमान झालं की जातो," दत्ता म्हणाला.

"कवा व्हायचं ते?"

"अगं शेठ लांबनं आल्यात. तासाभरात जातो म्हनलं ना."

वहिनी कप उचलून आत गेल्या.

आम्ही खाली उतरलो. पाणी हटल्यावर तिथे एक लांबलचक सपाट, कडक पट्टा उघडा पडायचा, तीच आमची धावपट्टी. पश्चिमेला डोंगराची एक सोंड पाण्यात उतरलेली. सोंडेच्या पलीकडे एक ओढा येऊन मिळतो आणि तिथे दत्ताची मोटार. आमच्या जागेवरून सोंडेपलीकडची जमीन अजिबात दिसत नाही. वारा भीमाशंकरच्या बाजूने होता, बेताचा.

आता माझ्या मौनाचं काय करायचं? दत्ताने तोडगा काढला. "तुमी मुके आन मी एकटाच बडबडतोय, येड्यावानी? मीबी गप. दोन थापा दिल्या की घ्या. एक थाप म्हंजे सोडा, मी घेतलं. एक थाप पडली की दोन्ही अंगठे स्टिकवरनं वर. बास." मी मान हलवली. मला वाटलं, नाहीतरी बोलून आमचं कधी जमलंय?

वायर आखूड असते, त्यामुळे शेजारी शेजारी उभं राहावं लागतं. दत्ता माझ्या डाव्या हाताला. डाव्या बोटाने त्याचा खटका, उजवा हात थापेला मोकळा. विमान त्याने उडवलं. चाकांवर धावलं, उचललं, एक फेरी मारून सरळ केलं. माझ्या डाव्या खांद्यावर दोन थापा पडल्या. मी घेतलं.

पहिली दोन-तीन वळणं नेहमीसारखी, झोकांड्या खात. एकदा दत्ताने थाप मारून काढून घेतलं, सावरलं, परत दोन थापा देऊन माझ्याकडे दिलं. म्हणजे पद्धत चालत होती. मग विमान पश्चिमेला, सोंडेकडे तोंड करून चाललं होतं, आणि मी मनातल्या मनात वळण कुठे घ्यायचं ते ठरवत होतो... तेवढ्यात खांद्यावर थाप पडली. एक. हळू. मी दोन्ही अंगठे उचलले.

मला आठवतंय, तेव्हा मला थोडा रागच आला. चांगलं चाललं होतं, मध्येच का घेतलं? पण पुढचं बघून राग गेला. विमान एकदम शांत झालं. डुगडुगणं बंद. सोंडेवरून सरळ रेषेत पलीकडे गेलं, सावकाश डावा पंख झुकवला आणि ओढ्याच्या कोपऱ्यावर गोल फिरायला लागलं. एक फेरी. दुसरी. तिसरी. प्रत्येक फेरी तितकीच मोठी. मी म्हटलं, लेकाचा भाव खातोय. कबूल करतो, मला हेवा वाटला. दत्ताच्या रिमोटवरची कॅमेऱ्याची कळ मध्ये मध्ये टिक करत होती, म्हणजे फोटोही काढत होता. मी रिमोट गळ्यातल्या पट्ट्यावर सोडून दिला, हात मोकळे केले आणि नुसता बघत उभा राहिलो.

बराच वेळ गेला. विमान फेरीगणिक खाली येत होतं. मला वाटलं, आता आणेल परत.

"शेठ," दत्ता म्हणाला, "वर घ्या आता. लई खाली आलंय."

मला वाटलं चेष्टा करतोय. मी नाही म्हणून मान हलवली.

"वर घ्या म्हनतो ना. सोंडेमागं गेलं तर दिसनार न्हाई."

मी दोन्ही हात वर करून त्याला तळवे दाखवले. तेव्हा त्याने पहिल्यांदा आभाळातून नजर काढून माझ्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या डाव्या बोटाकडे पाहिलं. बोट खटक्यावर होतं. दाबलेलं.

तिथे माझा नियम मोडला. "तूच उडवतोयस ना?" मी म्हणालो.

"मी? खटका दाबून धरलाय की मगाधरनं. तुमच्याकडंच हाय."

"मी कधीच सोडलंय. तू थाप मारलीस म्हणून सोडलंय."

"म्या न्हाई मारली," दत्ता म्हणाला. "तुमी झ्याक उडवताय म्हणून मी हातच लावला न्हाई. म्हनलं, मौनानं हात सुधारला शेठचा."

त्याने खटका सोडला आणि स्टिक मागे ओढली, पण तोपर्यंत विमान सोंडेमागे गेलं होतं. मोटरचा आवाज थांबला. आपटल्याचा आवाज आला नाही.

आम्ही पळत सुटलो. दत्ता वाटेभर मला शिव्या देत होता, मी त्याला देत होतो. विमान कोणी पाडलं यावरून. डोक्यात दुसरं काहीही नव्हतं, हे प्रामाणिकपणे लिहितो. सोंड चढून पलीकडे पाहिलं तर विमान खाली गाळावर व्यवस्थित बसलेलं. चाकं रुतलेली, पंख सरळ, कुठे मोडतोड नाही. त्याच्या पलीकडे काही हातांवर हिरवं काहीतरी. आधी मला वाटलं, कोणी बाई बसलीय. मग लक्षात आलं की बसलेली नाही.

सुमनवहिनी कमरेच्या वर गाळात होत्या. दोन्ही हात पसरून काळ्या पाइपावर ठेवलेले. फुटबॉल पुढे सरकवायला एकट्याच उतरल्या होत्या. तासाभराची वाट कोण बघतंय, पिकाने मान टाकल्यावर?

दत्ता तसाच धावत उतरला. वहिनींनीच त्याला थांबवलं. आवाज बसलेला, पण शांत. "तिथंच थांबा. पळू नका. पाइपावरनं या." आणि मग म्हणाल्या, "लई येळ लावलात."

पुढचं काम मोटारवाल्याचं होतं, त्यामुळे माझं डोकं चाललं. वर शिल्लक पाइपाचे तुकडे पडले होते. ते आणून गाळावर शेजारी शेजारी टाकले. मोटारीला बांधायचा दोर होता, तो मोटारीच्या काँक्रीटच्या ओट्याला गुंडाळून दुसरं टोक वहिनींच्या काखेखालून बांधलं. दत्ता पाइपांवर पालथा पडून हाताने त्यांच्या पायाभोवतीचा गाळ उपसत राहिला. मी दोर ताणून धरत होतो. ओढून माणूस निघत नाही अशा गाळातून. एक पाय हलवत, पाणी आत जाऊ देत, मग दुसरा. दत्ता रडत होता आणि उपसत होता. वहिनी त्याला म्हणत होत्या, "रडू नका, हळू करा." शेवटी त्या निघाल्या. एक चप्पल आत राहिली.

काठावर बाभळीच्या सावलीत बसवलं, पाणी पाजलं. मग त्या सांगायला लागल्या.

"लई हाका मारल्या. मधी डोंगराची सोंड. कुनाला जायाची ऐकू? जितके हातपाय मारावं तितकी खाली चाल्ले. मंग तुमचं विमान आलं. डोक्यावर फिरायला लागलं. म्हनलं, दिसले मी ह्यांना. आता येतील. मंग गप ऱ्हायले. हललेच न्हाई. विमान फिरंल तसं त्याच्याकडं बघत बसले." नवऱ्याकडे बघून त्या पहिल्यांदा हसल्या. "बरं झालं बाई, विमान शिकलात ते."

दत्ताने तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्याकडे पाहिलं. मीही काही बोललो नाही. मौन तर कधीच मोडलं होतं, तरी बोललो नाही.

संध्याकाळी कॅमेऱ्याचं कार्ड माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरला लावलं. दत्ताने ते फोटो सहज काढले होते, विमान स्थिर फिरतंय म्हणून. वाळलेला गाळ, ओढ्याची रेघ, पाण्याचा तुकडा. एका फोटोत काळ्या पाइपाच्या टोकाशी हिरवा ठिपका. मोठा करून पाहिलं तर वहिनी. तोंड वर, कॅमेऱ्याकडे. तुम्ही विचाराल म्हणून सांगतो, फोटोत दुसरं कोणी नाही. मी झूम करून करून पाहिलंय. गाळ आणि वहिनी, बाकी काही नाही.

कंपनीतल्या त्या साहेबांना दत्ताने सगळं सांगितलं. पुढे मीही त्यांना भेटलो. त्यांनी शांतपणे समजावलं. हात सोडले तरी असं विमान स्वतःच्या तोलावर उडत राहतं. जरा एका अंगाला झुकतं असेल तर गोल फिरतं. उन्हात तापलेल्या गाळावरून गरम हवा वर जाते, घारी तिथेच फिरतात, विमानही फिरेल. मला पटलं. मग मी विचारलं, आधी ते सोंडेपर्यंत सरळ गेलं आणि नेमकं तिथेच झुकायला लागलं, ते? म्हणाले, योगायोग. मोटरचा वेग मी अर्ध्यावरच ठेवला होता, बॅटरी घरी मोजली तर बरीच शिल्लक होती, मग मोटर का थांबली? म्हणाले, कनेक्शन सैल असेल. आम्ही तपासलं होतं, सैल नव्हतं. आणि थाप? ते हसले. "ताणात माणसाला काय काय जाणवतं." असेलही. पण दत्ता माझ्या डाव्या हाताला उभा होता, सकाळपासूनच्या सगळ्या थापा डाव्या खांद्यावर पडल्या होत्या, आणि ही पडली उजव्या. हे मला त्या रात्री शर्ट काढताना लक्षात आलं. त्या बाजूला माझ्यापासून पाण्यापर्यंत नुसती मोकळी जमीन होती.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण दत्ताची खरी अडचण पुढे सुरू झाली. वहिनी ज्याला त्याला सांगायच्या, ह्यांनी विमानातनं मला बघितलं. हळदीकुंकवाला सांगितलं, बाजारात सांगितलं. वहिनींचं माहेर मढचं, जुन्नरच्या पश्चिमेला. तिथे तर सासऱ्यांनी जावयाला भर पंगतीत टोपी-उपरणं दिलं. फोटो होताच पुराव्याला. आणि हा बढाईखोर माणूस, ज्याने एरवी स्क्रू बसवल्याचंही गावभर सांगितलं असतं, तो मान खाली घालून बसायचा. लोकांना वाटायचं, किती नम्र! मला कळायचं की त्याला घास उतरत नाहीये. सकाळी बायकोने सांगितलेलं काम याने टाळलं होतं, आणि तीच बायको आता त्याची आरती ओवाळत होती. पाइप खाली सरकवायचं काम त्यानंतर त्याने कधी तिला करू दिलं नाही, रजा टाकून यायचा. विमान माळ्यावर गेलं. फ्रेमचा धंदा तिथेच संपला.

दोन उन्हाळे त्याने असे काढले. मग एक दिवस मला बोलावून घेतलं, साक्षीदार म्हणून. वहिनी ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. दत्ताने सगळं सांगितलं. मी मान डोलावत गेलो.

वहिनींचे हात थांबले. "म्हंजे मला कुनी बघितलंच न्हवतं."

"न्हाई," दत्ता म्हणाला.

मग त्यांनी मला विचारलं, "भाऊ, थाप कशी व्हती?"

काय सांगणार? म्हणालो, "हळू होती. गर्दीत कोणी 'जरा सरका' म्हणून हात लावतं ना, तशी."

त्यांनी मान हलवली आणि शेंगा फोडायला लागल्या. आम्हाला वाटलं आता घरात महिनाभर अबोला. तसं काही झालं नाही. उलट त्याच उन्हाळ्यात मढला वहिनींच्या भाच्याचा साखरपुडा होता, आम्ही गेलो होतो, तर मांडवात कोणीतरी तो विषय काढला आणि वहिनींनी जशीच्या तशी जुनीच गोष्ट सांगितली. ह्यांनी बघितलं, ह्यांनी विमान फिरवलं. एक शब्द बदलला नाही.

मला राहवलं नाही. जेवणं झाल्यावर त्या पाण्याच्या पिंपाशी होत्या, तिथे जाऊन विचारलं. "वहिनी, तुम्हाला तर सांगितलं ना आम्ही? मग अजून तसंच का सांगता?" दत्ता माझ्या मागेच उभा होता, हे त्यांना दिसत होतं.

"भाऊ, कुनीतरी बघितलंच ना?" वहिनी म्हणाल्या. "नायतर विमान आलं असतं व्हय? आता कुनी बघितलं ते तुमाला ठावं न्हाई, ह्यांना न्हाई, मला तर न्हाईच न्हाई. पन मला रोज उठून त्याच पान्यावर मोटार चालू करायला एकटीनं जायाचंय. कुनीतरी बघतंय असं डोक्यात घेऊन जाऊ, का घरचं मानूस बघतंय असं म्हनून जाऊ? मी आपली घरचं मानूस म्हनते."

उजव्या खांद्यावरच्या त्या थापेचं स्पष्टीकरण माझ्याकडे तेव्हा नव्हतं आणि आज हे लिहितानाही नाही. कोणाकडे असलं तर जरूर कळवा, मी टिंगल करणार नाही.

दत्ता मात्र तेव्हापासून सुट्टीला घरी आला आणि वहिनी मोटारीकडे निघाल्या, की चहा अर्धा टाकून सोंडेवर जाऊन उभा राहतो. त्या परत वर येईपर्यंत हलत नाही.